स्वस्त इअरफोनची निवड : व्यायामासाठी आणि प्रवासासाठी

कानात घालायच्या इअरफोनचे काम कानाच्या नळीच्या तोंडाशी सुरू होते. मोठ्या माणसाची ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वाकडी असते. तिचा आकार माणसागणिक बदलतो. पुष्कळदा एकाच माणसाचे डावे-उजवे कानही जुळत नाहीत. इअरफोनच्या तोंडावर जी रबरी टोपी बसवलेली असते, जिला बाजारात इअरटिप म्हणतात, ती नळीला सगळीकडून नीट टेकली तर आतली हवा बंदिस्त होते आणि इअरफोनमधला ६ ते १३ मिलिमीटरचा इवलासा पडदा त्या हवेवर पुरेसा दाब आणू शकतो. खर्जातला आवाज या दाबावरच उभा असतो. टिप आणि कातडी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी दाब निसटतो, खर्ज गळतो आणि उरतो तो पातळ, किनरा आवाज. ‘हा इअरफोन बेकार आहे’ असा शेरा ज्यांच्यावर बसतो, त्यातल्या बऱ्याच इअरफोनांचा दोष टिपच्या मापात असतो.

माप तपासण्याची रीत सोपी आहे. तबल्याचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे आणि डग्ग्याकडे कान द्यावा. मग इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबताच डग्गा एकदम भरून आला, घुमू लागला, तर टिप लहान आहे किंवा नीट बसलेली नाही. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठी अशा टिपांच्या तीन जोड्या मिळतात. बहुतेक लोक बसवून आलेली मध्यम जोडी तशीच ठेवतात आणि उरलेल्या दोन खोक्याबरोबर जातात. तिन्ही मापे दोन्ही कानांत वेगवेगळी लावून पाहावीत. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी असे ठरले तर त्यात वावगे काही नाही. इअरफोन घालतानाही एक युक्ती आहे. डाव्या कानात घालताना उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा. त्याने नळी थोडी सरळ होते आणि टिप आपल्या जागी जाऊन बसते.

किमतीचा प्रश्न यानंतर येतो, आणि त्याचे उत्तर ग्राहकाला दिलासा देणारे आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन आणि इअरफोनांची मोजमापे तपासली. कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा उमटतो याचा आलेख आणि बाजारातली किंमत यांचा काही संबंध लागतो का, हे त्याने पाहिले. संबंध आढळला नाही. २०२२ मध्ये आलेला मूनड्रॉप कंपनीचा ‘चू’ हा तारेचा इअरफोन सुमारे २० डॉलरला विकला जाऊ लागला आणि कितीतरी महागड्या इअरफोनांशी त्याची तुलना होऊ लागली. आज दीड-दोन हजार रुपयांत नीट घडवलेला तारेचा इअरफोन मिळतो. त्यापुढचा पैसा बहुधा घडणीत, सोयीत आणि नावात जातो. म्हणून कमी पैशांत इअरफोन घेणाऱ्याने आवाजाच्या बाबतीत आपण कमी घेतो आहोत असे मानण्याचे कारण नाही. विचार करायचा तो इअरफोन कुठे आणि कसा वापरला जाणार याचा.

अडचण इथेच आहे. प्रवास आणि व्यायाम या दोन गोष्टी इअरफोनकडून उलट अपेक्षा करतात.

प्रवासात कान जितका बंद होईल तितके बरे. विमानाच्या आत उड्डाणभर ८० ते ८५ डेसिबलचा घोष चालू असतो आणि गच्च भरलेल्या लोकलमध्येही कानांना फारशी उसंत नसते. अशा गोंगाटात सैल इअरफोनमधून शब्द कळण्यासाठी माणूस आवाज वाढवत नेतो आणि तो कुठवर गेला हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा धरली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो; ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. कल्याणहून किंवा विरारहून मुंबईत नोकरीला येणाऱ्याचे रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत जातात. आवाज ९० डेसिबलपर्यंत चढवून ऐकणाऱ्याचा आठवड्याचा वाटा मंगळवारी रात्री घरी पोचेपर्यंत संपलेला असतो. या नुकसानीची खूण सुरुवातीला जाणवत नाही आणि अंतःकर्णातल्या ज्या केसपेशी मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. चांगली बसलेली टिप बाहेरचा आवाज साधारण १५ ते २० डेसिबलने खाली आणते, वरच्या पट्टीत त्याहूनही जास्त. मग गाणे वा पुस्तक मधल्या आवाजात ऐकले तरी पुरते. प्रवासाच्या इअरफोनमध्ये हा गुण बाकी सगळ्या गुणांच्या आधी पाहावा.

धावणाऱ्याला मात्र हाच गुण जाचतो. कान पूर्ण बंद केल्यावर शरीरातले आवाज बाहेर पडायला वाट राहत नाही. हाडांतून आलेला प्रत्येक पावलाचा धप्प आवाज, श्वास, घोट गिळणे, सगळे आतच घुमते. टेकडीवर धावायला जाणाऱ्याला पाच मिनिटांत इअरफोन काढून टाकावासा वाटतो तो याच कारणाने. तारेचा इअरफोन असेल तर कपड्याला घासणाऱ्या तारेची खरखरही थेट कानात येते. तार कानाच्या वरून मागे वळवून घेतली की ती बरीच कमी होते. शिवाय रस्त्यावर धावणाऱ्याला मागून येणारी मोटारसायकल ऐकू येणे हा जिवाचा प्रश्न आहे. रेल्वेमार्गाच्या आसपास तर कान बंद असूच नयेत.

यावर सर्वांत स्वस्त तोड म्हणजे एकाच इअरफोनला दोन प्रकारच्या टिपा ठेवणे. प्रवासासाठी फोमच्या टिपा घ्याव्यात. त्या बोटांत चुरगळून कानात घालायच्या. अर्ध्या मिनिटात त्या फुलतात आणि नळीचा आकार घेतात. गोंगाट अडवण्यात त्या सिलिकॉनच्या रबरी टिपांना मागे टाकतात. व्यायामाला त्यांचा उपयोग नाही, कारण त्या घाम शोषतात आणि लवकर खराब होतात. व्यायामासाठी सिलिकॉनच्या आणि एक माप लहान टिपा लावाव्यात. खर्ज थोडा कमी होतो, पण पावलांचा धप्पधप्प आवाज सुसह्य होतो आणि बाहेरचेही काही कानावर येते. लहान टिपने इअरफोन निसटत असेल तर कानाच्या पाळीच्या आतल्या खोलगट भागात अडकणारा रबरी पंख किंवा कानामागून जाणारा आकडा असलेला नमुना निवडावा. जिममध्ये वजने उचलणाऱ्याचे किंवा सायकल जागेवरच चालवणाऱ्याचे पाऊल आपटत नाही. त्याला प्रवासाचाच इअरफोन चालून जातो.

ज्याचा व्यायाम मुख्यतः रहदारीच्या रस्त्यावर होतो त्याने कान उघडा ठेवणाऱ्या प्रकाराचा विचार करावा. गालाच्या हाडाला टेकून कंपनाने आवाज पोचवणारे संच यात येतात. त्यांच्यात खर्ज जवळजवळ नसतो आणि लोकलमध्ये वा विमानात ते निरुपयोगी ठरतात, पण रस्त्यावर त्यांच्याइतके सुरक्षित काही नाही. असा संच घेणे परवडत नसेल तर बिनतारी जोडीतला एकच इअरफोन घालावा आणि रहदारीच्या बाजूचा कान मोकळा ठेवावा.

तार की बिनतारी, हा वाद जितका रंगतो तितका अवघड नाही. तारेचा इअरफोन चार्ज करावा लागत नाही, कमी पैशांत चांगला वाजतो, आणि विमानातल्या आसनासमोरच्या पडद्याला सरळ जोडता येतो. त्याचे मरण बहुधा पिनेपाशी असते, जिथे तार रोज वाकते. काटकोनी पिनेची किंवा कानाजवळून सुटी होणारी तार त्यामुळे जास्त टिकते. तुटली तर नुसती तार बदलता येते. पुष्कळ नव्या फोनांना ३.५ मिलिमीटरची खाच नसते, तेव्हा टाइप-सी जोडणीचा इअरफोन घ्यावा किंवा छोटा जोडतुकडा बरोबर ठेवावा. धावताना मात्र तार अडचण करते आणि गर्दीत ती दुसऱ्याच्या बॅगेत अडकते.

बिनतारीत नेकबँड हा आपल्याकडचा लाडका प्रकार, आणि लोकलच्या प्रवाशासाठी तो खरोखर शहाणपणाचा आहे. दारात उभे असताना कानातून निसटला तरी तो गळ्यात राहतो; सुटा इअरबड रुळांवर पडला की गेला. नेकबँडची बॅटरीही मोठी असते. सुट्या इअरबडमध्ये साधारण ३० ते ५० मिलीॲम्पिअर-तासांची बॅटरी मावते, ती रोज भरली-रिकामी होते आणि दोन-तीन वर्षांत तिचा दम ओसरतो. या किमतीच्या संचात ती बदलून मिळणे जवळपास अशक्य असते. तरीही धावण्यासाठी इअरबडसारखे हलके काही नाही. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. धावताना आवाज तुटत असेल तर फोन मागच्या खिशातून काढून दंडाला बांधून पाहावा. पोहताना तर या लहरी पाण्यातून काही इंचही नीट जात नाहीत, म्हणून पोहण्यासाठी गाणी स्वतःत साठवणारा वेगळा संच लागतो.

घामासाठी आयपीचा आकडा बघावा. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. मधला ‘एक्स’ धुळीची चाचणी झालेली नाही एवढेच सांगतो. व्यायामाला आयपीएक्स४ ही किमान पायरी, पावसाळ्यात धावणाऱ्याला आयपीएक्स५ बरा. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात आणि घाम खारट असतो, हे लक्षात ठेवायला हवे. चार्जिंगच्या धातूच्या टिकल्यांवर घाम तसाच राहिला आणि इअरबड डबीत ठेवला, की टिकल्या गंजू लागतात. धावून आल्यावर कोरड्या फडक्याने इअरबड पुसावेत आणि थोड्या वेळाने डबीत ठेवावेत. डबीला स्वतःला पाण्यापासून संरक्षण बहुधा नसतेच.

खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या मजकुरात दिशाभूल पुष्कळ असते. ‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’ यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण पहिल्याचा फायदा फोनवर पलीकडे बोलणाऱ्याला होतो, ऐकणाऱ्याच्या कानातला गोंगाट त्याने तसूभरही कमी होत नाही. गोंगाट कापणारी एएनसी असते, तीही मुख्यतः खालच्या पट्टीत, म्हणजे विमानाच्या घोषावर आणि बसच्या इंजिनावर. रडणारे मूल, फेरीवाल्याची हाक, भांड्यांचा आवाज हे टिपनेच अडवायचे असते. स्वस्त संचातली एएनसी लांबच्या प्रवासाला थोडी मदत करते. धावताना तिच्या माइकांत वारा भरून उलट त्रास होतो. बॅटरीचा ‘४० तास’ हा आकडा डबीतली वीज धरून आणि निम्म्या आवाजावर मोजलेला असतो. इअरबड एका दमात किती तास चालतो ते पाहावे. पडद्याचा व्यास, २० ते २०,००० हर्ट्‌झ ही व्याप्ती, ब्लूटूथचा नवा क्रमांक, यांवरून आवाज कसा असेल हे काहीही कळत नाही. आयफोन वापरणाऱ्याने एलडीएसी या ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण आयफोन ती पद्धत वापरतच नाही.

बिनतारी इअरफोनला भारतात भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घालून तपासता येतो, आणि स्टेशनाबाहेर मोठ्या कंपनीच्या नावाने विकला जाणारा नकली माल बऱ्याचदा इथेच उघडा पडतो. परत करण्याची मुदत असेपर्यंत इअरफोन खऱ्या वापरात घालून पाहावा: एकदा धावताना, एकदा गाडीत, एकदा सलग दोन तास. कान दुखायला लागतो तो दुसऱ्या तासात.

पुढची देखभाल थोडीच असते. एक बाजू हळू वाजू लागली की यंत्र बिघडले असे समजून लोक नवा संच घेतात; बहुतेक वेळा जाळीवर कानातला मळ बसलेला असतो. टिप काढून, जाळी खाली धरून, मऊ कोरड्या ब्रशने ती झटकावी. टाचणी आत घालू नये, जाळी फाटते. सिलिकॉनच्या टिपा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवाव्यात. पावसाळ्यात कानात बुरशीचा संसर्ग सहज होतो, म्हणून ओल्या कानात इअरफोन घालू नये आणि आपल्या टिपा दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत.