बांध कोरता येत नाही



स्वागताध्यक्षानं गावाचा मोठेपणा सांगायचा असतो. औशाचा किल्ला तुम्ही येतानाच पाहिला असेल. नाथ संस्थानाचं चक्रीभजन ऐकायला सवडीनं या. येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, तीन दिवसांवर आलीय, म्हणून आज जेवणात भज्जी आणि अंबिल ठेवलंय. शेतातल्या कोपीत बसून खाण्याची चव मांडवाखाली येत नाही, तेवढं सांभाळून घ्या. तक्रार असेल तर लेखी द्या, मुदतीची अट नाही.

हसलात, पण मुदतीच्या अटीनंच मला कराराच्या कायद्याच्या विषयात ओढलं. चाळीस वर्षं मी विमा विकला. आगीचा, गाडीचा, जनावरांचा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत बाजारातल्या एका किराणा दुकानदाराचा माल जळाला. कंपनीनं दावा नाकारला. तो बिचारा आज साहेब येतील, उद्या येतील म्हणत वाट बघत बसला आणि चौदाव्या महिन्यात माझ्याकडं आला. पॉलिसीत छापलं होतं, दावा नाकारल्यापासून बारा महिन्यांत कोर्टात गेला नाहीत तर हक्क संपला. मी बोट ठेवून ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. वाचताना मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, हे आज कबूल करतो.

त्या काळी असलं कलम कोर्टातही टिकायचं. 1872 च्या करार कायद्याचं 28 वं कलम म्हणायचं की कुणाला कोर्टात जाण्यापासून अडवणारा किंवा दाद मागायची मुदत छाटणारा करार रद्द. यावर कंपन्यांचं उत्तर तयार असायचं: आम्ही मुदत छाटत नाही, आम्ही हक्कच संपवतो. शब्दांचा खेळ बघा! विधी आयोगानं 1984 च्या आपल्या 97 व्या अहवालात हा खेळ उघडा पाडला, आणि कायदा बदलायला 1997 उजाडलं. आता ठरावीक मुदतीनंतर हक्क बुडवणारं कलमही रद्दच. बँकांच्या हमीपत्रांना तेवढी काही सूट पुढं मिळाली. म्हणजे पॉलिसीत बारा महिने छापलेले असोत, खाली तुमची सही असो, मुदत कायद्याचीच चालणार. दिवाणी दाव्याला तीन वर्षं, ग्राहक आयोगाकडं दोन.

आपल्याकडं शेत सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाचं असतं, हवं ते पेरता येतं, पण शेजारचा बांध कोरता येत नाही. कराराचं तसंच आहे. दोघांनी राजीखुशीनं काहीही ठरवावं, पण कायद्याचा बांध कोरून नाही. 23 वं कलम सांगतं की कायद्यानं मना केलेल्या किंवा लोकहिताच्या विरुद्ध गोष्टीसाठी केलेला करार, करारच नव्हे. पाडव्याला सालगडी ठेवतात, उचल देतात, कागदावर अंगठा घेतात. त्या कागदात ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडं जाणार नाही’ असं लिहिलं असेल, तर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यापुढं तो कागद रद्दी. उसतोडीच्या टोळ्यांनाही हे सांगायला हवं, पण ऐकायला ते इथं नाहीत. ते आत्ता फडात आहेत.

हा बांधही पूर्वी सगळीकडं एक नव्हता. तरुण वकिलांना वाटतं, देशभर एक कायदा ही जुनी गोष्ट. आपल्या भागात नाही हो! आपण निजामाच्या हद्दीत, बार्शी-सोलापूर इंग्रजांच्या. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली, माल सरळ जाऊ लागला. पण या टोकाला हाली सिक्का नि फसली साल, त्या टोकाला कलदार नि इंग्रजी साल. दप्तर उर्दूत. सौदा एकच, पण भांडण निघालं तर कुठल्या हद्दीतल्या कोर्टात जायचं यावर कायदा ठरायचा. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो, आणि 1 एप्रिल 1951 पासून इतर अनेक कायद्यांबरोबर 1872 चा हा करार कायदा आपल्याला लागू झाला. मुक्तिदिनाला आपण झेंडा लावतो. या दुसऱ्या तारखेचं कुणाला काही नाही.

एकसारखेपणाचा फायदा कळावा म्हणून आता किल्लारीचं बोलतो. आपल्याच तालुक्यातलं गाव. 30 सप्टेंबर 1993, गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढं कित्येक वर्षं मी घराचा विमा विकताना पहिला प्रश्न हाच यायचा, ‘भूकंप धरलाय का?’ आगीच्या पॉलिसीत भूकंपासाठी जादा हप्ता भरावा लागायचा, आणि न भरणाऱ्याला ते नंतर कळायचं. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच मजकुरानं द्यावी लागते. भूकंप आतच. दुसरं असं, की दहा लाखांचं घर पाच लाखांनाच उतरवलं म्हणून दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख द्यायचा, हा जुना हिशेब तिथं चालत नाही. मजकूर सगळीकडं सारखा असला की एकदा शिकलेलं दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवरही उपयोगी पडतं. मला यात एकसारख्या कायद्याचा खरा फायदा दिसतो.

मात्र एकसारखेपणाची मला भीतीही वाटते. पीक विम्यातल्या 72 तासांचं घ्या. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवा. नियम तेव्हा सगळीकडं एकच होता. ऑक्टोबर 2020 मध्ये सोयाबीनच्या गंजी पाण्यात तरंगत होत्या, रस्ते तुटले होते. शेतकऱ्यानं आधी जनावरं काढायची की मोबाइलवर फोटो काढायचा? शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात याच अटीवर दावे अडले. पंचनामे सरकारी यंत्रणेनं केलेलेच होते. अखेर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. खरं तर विमा नियामकानं 2011 सालीच कंपन्यांना बजावलं होतं की निव्वळ कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नका. पत्रक होतं, पण औशापर्यंत ते पोचवणार कोण? मी तरी कुठं पोचवलं.

म्हणून आजच्या सत्रांत कलमांचे आकडे कमी आणि कागद जास्त हाताळू. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ‘अनुचित करार’ हा शब्द आणला, एकतर्फी अटी राज्य आयोगाकडं रद्द ठरवून घेता येतात. त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं व्यासपीठावर बसली आहेत. जनावरांच्या विम्यातल्या कानातल्या बिल्ल्याचा प्रश्न दुपारच्या सत्रात आहे. म्हैस मेली, बिल्ला हरवला, दावा गेला, या रडगाण्यावर मी स्वतः उभा राहून भांडणार आहे.

दाराजवळच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. सगळ्यांना पॉलिसी घेऊन यायला सांगितलं होतं. ज्यांनी आणली त्यांनी तिथं प्रत काढून द्यावी, नाव आणि नंबर झाकून. ज्यांनी आणली नाही, त्यांनी घरी फोन करून पोराला फोटो पाठवायला सांगावा. त्या जुन्या दुकानदाराचा नातूही आज सभेत आहे. त्यानं आजोबांची ती जळकट पॉलिसी जपून ठेवलीय, पहिली प्रत तिचीच निघाली. अध्यक्ष महोदय, सभा आपल्या स्वाधीन करतो.