विद्युतघटाचा हिशेब



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आज एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. घटातून मिळणारी वीज येते कोठून?

अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. जस्त व चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचून, मिठाच्या पाण्याने भिजलेले थर मध्ये घातले असता अखंड विद्युत्प्रवाह मिळतो, असे त्यांनी कळविले. निरीक्षण अचूक होते. मीमांसा मात्र अपुरी होती. दोन धातूंच्या केवळ स्पर्शाने वीज उपजते, असे व्होल्टांना वाटे. जस्त झिजत होते, पण त्या झिजेला त्यांनी महत्त्व दिले नाही. वस्तुतः विजेचे मोल तेथेच चुकते होत होते. वाहिलेली वीज आणि घडलेला रासायनिक बदल यांचे प्रमाण ठरलेले असते, हे पुढे मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास सिद्ध केले.

आपल्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग आठवा. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकली की निळाई ओसरते, तांबूस साका तळाशी बसतो आणि चंचुपात्र तापते. ६५ ग्रॅम जस्तामागे सुमारे २१७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये हीच अभिक्रिया दोन भागांत विभागली. जस्त एका द्रावणात, तांबे दुसऱ्या द्रावणात आणि मध्ये सच्छिद्र पडदा. आता जस्ताने सोडलेल्या इलेक्ट्रॉनांना तांब्याकडे जाण्यास बाहेरच्या तारेवाचून वाट उरली नाही. या घटाचे विभवांतर सुमारे १.१ व्होल्ट असते आणि तेवढ्याच जस्तापासून जास्तीत जास्त २१२ किलोज्यूल विद्युत्कार्य मिळू शकते. द्रव्ये तीच, अभिक्रिया तीच. भेद केवळ मांडणीचा.

पुनर्भारित होणाऱ्या घटात बाहेरून वीज देऊन हीच वाटचाल उलटी करविली जाते. लिथियम-आयन घटाच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्या घटालाही हा हिशेब चुकलेला नाही. जेवढी ऊर्जा आपण त्यात भरतो, त्याहून थोडी कमीच परत मिळते. म्हणून विजेवर चालणाऱ्या वाहनाचे कौतुक अवश्य करावे; पण त्याच्या घटात भरलेली वीज कोळसा जाळून आली की सूर्यप्रकाशातून, हेही विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, व्होल्टांसारख्या थोर संशोधकाच्याही नजरेतून झिजणारे जस्त निसटले. जेथे काही फुकट मिळाल्याचा भास होतो, तेथे काय झिजते आहे ते पाहावे. ही सवय ज्या गुरूंनी आम्हांला लावली, त्यांच्या ऋणातच राहणे मी पसंत करीन.