चाळीस यार्डांत काय कळतं?
(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातील भाषण)



अल्फारेटात राहून फुटबॉल टाळता येत नाही, म्हणून मीही बघायला लागलो. कॉलेजची पोरं व्यावसायिक संघांत जातात ती ड्राफ्टमधून. त्याआधी इंडियानापोलिसला त्यांची उंची, वजन, हाताचा पंजासुद्धा मोजतात आणि ४० यार्ड पळवतात. अगदी मुलगी बघण्याचा कार्यक्रम!

तरी अंदाज चुकतात. आपल्या अटलांटा फाल्कन्सनी १९९१ मध्ये ब्रेट फार्व्हला निवडलं आणि पुढच्याच वर्षी ग्रीन बेला देऊन टाकलं. तिथे तो १९९५ पासून सलग तीन वर्षं लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाचा मानकरी ठरला. जॉर्जिया विद्यापीठाचा स्टेट्सन बेनेट शिष्यवृत्तीविना संघात आला होता. त्याच्या हाताखाली संघानं २०२१ आणि २०२२ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तरी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर लागला चौथ्या फेरीत. चण लहान, वय पंचवीस!

मोजमाप खोटं नसतं, अपुरं असतं. मीही नोकरीसाठी मुलाखती घेतो. नुसता रेझ्युमे बघून कुणाला बाद करताना आता हात थबकतो. आणि खरं सांगू? घरी लेकाचं प्रगतिपुस्तक उघडतानाही!

शुभ दीपावली!