ग्रंथ वादासाठी उघडू नका



‘हिंदूंचे पूर्वज गोमांस खात होते ना?’ असा प्रश्न तुमच्यापैकी काहीजण वादात जिंकण्यासाठी विचारतात. उत्तर ग्रंथांत आहे; पण ते पुरे वाचा.

भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. वैदिक काळातील गोमांसाचे उल्लेख त्यांनी लपविले नाहीत. पाणिनीच्या व्याकरणात ‘गोघ्न’ हा शब्द येतो. ज्याच्यासाठी गाय मारतात तो पाहुणा, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. परंतु ऋग्वेदातच गाईला ‘अघ्न्या’, म्हणजे मारू नये अशी, असेही म्हटले आहे. पुढे अहिंसेचा विचार बळावला, शेतीत गोधनाचे मोल होतेच, आणि धर्मशास्त्रकारांनी गोवध कलियुगात वर्ज्य ठरविला. मासे-मटण मात्र आजही अनेक हिंदू घरांत शिजते.

श्रद्धा हळूहळू घडली म्हणून ती खोटी ठरत नाही. मुलांनो, शेजाऱ्याचे मन दुखविण्यासाठी हे पान उघडू नका. आपल्याच परंपरेविषयी खरे लिहिण्याचे काण्यांचे धैर्य घ्या, आणि आपला इतिहास वाचतानाही तेच वापरा.