चांदमारीचा पहिला धडा



मुंबईच्या उपनगरांत हिंडताना काही ठिकाणांची नावे नवख्या माणसाला चमकवतात. सांताक्रूझच्या पूर्वेला एक वस्ती आहे, तिचे नाव गोळीबार. घाटकोपरच्या पश्चिमेला गोळीबार रोड आहे, आणि रायफल रेंज या नावाने ओळखला जाणारा भागही तिथेच आहे. पुण्याचे गोळीबार मैदान तर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेच असेल. ही नावे ऐकून वाटते, इथे एखादे वेळी मोठी दंगल झाली असावी. पण शिपायांनी नेमबाजीचा सराव करण्याच्या जागेलाच आपल्याकडे गोळीबाराचे मैदान म्हणण्याचा प्रघात होता. त्याच सरावाला दुसरा शब्द आहे चांदमारी. चांद म्हणजे निशाणावरचे ते गोल, आणि त्यावर मारा करायचा ती चांदमारी.

अशा चांदमारीच्या मैदानावर जी मुलेमुली आयुष्यात प्रथमच जातात, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. आणि खरे सांगायचे तर त्यांच्यापेक्षाही अधिक, त्यांना पाठवणाऱ्या आईवडिलांशी आणि गुरुजींशी बोलायचे आहे.

समजा, तुमची मुलगी गावाहून मुंबईला मावशीकडे राहून शिकते आहे. मावशीचे बिऱ्हाड मुलुंडला नाहीतर बोरीवलीला. कॉलेजात तिने राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे आपण ज्याला एन. सी. सी. म्हणतो तीत, नाव घातले. ही छात्रसेना १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग निघाला. तेव्हा मुलीने यात जाणे ही काही कालपरवाची टूम नाही. पण एक दिवस तिचा फोन येतो, "आई, रविवारी आम्हांला फायरिंगला नेणार आहेत." आणि घरात एकच गडबड उडते. आजी म्हणते, "अगं बाई, पोरीला शिकायला पाठवलं की लढाईला?" वडील काही बोलत नाहीत, पण त्यांच्याही मनात येतेच, की पोरांच्या घोळक्यात बंदूक, कुणाचा हात चुकला म्हणजे?

ही भीती खुळी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. बंदूक हे जीव घेणारे हत्यार आहे. छात्रसैनिकांच्या हाती देतात ती पॉइंट टू-टू रायफल दिसायला साधी. तिची गोळी करंगळीच्या पेराएवढीही नसते. पण ती गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. अंधेरीत किंवा घाटकोपरात दीड किलोमीटरच्या टापूत किती माणसे राहतात याचा विचार करा, म्हणजे भय कशाचे ते कळेल. म्हणूनच ही विद्या कुठेही, कशीही शिकवत नाहीत. तिच्यासाठी राखलेली जागा लागते, निशाणामागे गोळी अडवणारा मातीचा उंच बांध किंवा भक्कम भिंत लागते, आणि वर हुकूम देणारा एकच माणूस लागतो.

आता त्या दिवशी तिथे घडते काय, ते पाहू.

पहाटेची लोकल पकडून मुले ठरल्या ठिकाणी जमतात. मैदानावर लाल निशाण चढवलेले असते. लाल निशाण वर आहे तोवर पुढे कोणी पाऊल टाकायचे नाही. जमिनीवर एक रेघ आखलेली असते. ज्याची पाळी आहे तो रेघेवर. बाकीचे सारे मागे. मुलांना वाटते, आता बंदूक हातात येणार. पण पहिला बराच वेळ बंदूक मिळतच नाही. मिळतात ते नियम. ते थोडेच आहेत, आणि प्रत्येकामागे कारण आहे.

पहिला नियम असा, की प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजायचे. समोरच्याने "रिकामी आहे" म्हटले तरी आपण स्वतः उघडून पाहायचे. दुसरा, नळीचे तोंड सदैव निशाणाकडे. माणसाकडे ते थट्टेतसुद्धा वळता कामा नये. तिसरा, नेम धरून होईपर्यंत बोट चापाबाहेर, सरळ. आणि चौथा, ज्यावर मारायचे ते काय आहे, आणि त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याखेरीज चाप ओढायचा नाही.

नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त चूक कुठे होते, ठाऊक आहे? चाप ओढला आणि गोळी उडालीच नाही, तर तो गोंधळतो आणि "सर, हे बघा ना" म्हणत बंदुकीसकट मागे वळतो. झाले! नळी मागच्या साऱ्या रांगेकडे. म्हणून आधीच बजावून ठेवतात, की काही अडले तर बंदूक होती तशीच निशाणाकडे ठेवायची, चापावरचे बोट काढायचे आणि हात वर करायचा. उस्ताद तुमच्याकडे येईल. तुम्ही त्याच्याकडे वळायचे नाही. आणखी एक. धोका दिसला तर "थांबा" म्हणून ओरडण्याचा हक्क तिथे प्रत्येकाला असतो. कालच भरती झालेल्या पोरानेही ओरडावे, आणि साऱ्यांनी तत्काळ थांबावे.

मग पाळी येते. कानांना आवाज रोखणारी साधने लावायची. कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही. सतरंजीवर पालथे पडायचे, पाय फाकवून, कोपरे जमिनीला टेकून. बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट बसवायचा. सैल धरला तर धक्का जाणवतो. घट्ट धरला तर या रायफलीचा धक्का फारच थोडा असतो. निशाण असते सुमारे २५ मीटरांवर. हुकूम येतो, "भर." मग येतो, "फायर."

आता नेम कसा धरायचा? नळीच्या टोकाशी एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. डोळ्याजवळ असते एक खाच. खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही एका रेषेत आणायची. पण माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. तेव्हा स्पष्ट दिसली पाहिजे ती माशी. निशाण जरा धुरकट दिसले तरी चालेल. नवशिका नेमके उलटे करतो. निशाणाकडे टक लावतो, आणि माशी कुठल्या कुठे सरकलेली असते.

मग श्वास. श्वासासरशी छाती हलते आणि तिच्याबरोबर नळी हलते. म्हणून श्वास घ्यावा, अर्धा सोडावा, आणि पाच-सात सेकंद तसाच धरावा. तेवढ्यात जमले नाही तर हट्ट करू नये. बोट बाजूला घ्यावे, पुन्हा श्वास घ्यावा, पुन्हा नेम धरावा. श्वास कोंडून घेतला की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हात थरथरतो.

आणि शेवटी चाप. चापाला हिसका द्यायचा नसतो, तो दाबत न्यायचा असतो. आमच्या भगिनींना हे चटकन समजेल. म्हशीची धार काढताना आपण आचळाला हिसडा मारतो का? दाब हळूहळू वाढवत नेतो. तसेच इथे. गोळी उडेल तेव्हा आपल्यालाच किंचित नवल वाटले पाहिजे. "आता उडणार" म्हणून ज्याने आधीच डोळे मिटले आणि खांदा आवळला, त्याची गोळी गेलीच बांधात. आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर तसेच पडून राहायचे. मान वर करून "लागली का, लागली का" पाहण्याची घाई नेम बिघडवते.

पाच गोळ्या झाल्या की हुकूम येतो, "खाली कर." बंदुका उघडून रिकाम्या करतात, उस्ताद एकेक तपासून पाहतो, आणि मगच सारे निशाणापाशी जातात. इथे मुलांचे चेहरे पाहावेत! एखाद्याची एक गोळी बरोबर मध्यावर लागलेली असते आणि उरलेल्या चार चार दिशांना. तो खूश. शेजारच्या मुलीच्या पाचही गोळ्या डाव्या कोपऱ्यात, रुपयाएवढ्या जागेत. ती रडवेली. पण उस्ताद शाबासकी देतो ती त्या मुलीला. कारण पाच गोळ्या एका ठिकाणी पडल्या याचा अर्थ तिने पाचही वेळा एकच कृती बिनचूक केली. माशी आणि खाच जुळवून तो पुंजका मध्यावर आणता येतो. चार दिशांना गेलेल्या गोळ्या मात्र कशाने जुळवणार? गुरुजनहो, परीक्षेतल्या गुणांकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबईचे झाले. आमच्या खेड्यात याचे काय? तर ऐका. या खेळाचा एक प्रकार अवघ्या १० मीटरांचा आहे. त्यात बंदूक हवेच्या दाबाची असते आणि शिशाचा छर्रा साडेचार मिलिमीटरांचा. त्या रायफलीच्या निशाणावर दहा गुणांचा जो ठिपका असतो तो केवळ अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान! शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे साडेचार मिलिमीटरांपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या अशा हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण परवाना नको याचा अर्थ शिस्त नको असा नव्हे. छर्रा डोळा फोडू शकतो. शिसे पोटात जाऊ नये म्हणून खेळ झाल्यावर हात साबणाने धुतलेच पाहिजेत. आणि गावातली पोरे छऱ्याच्या बंदुकीने पाखरे टिपत हिंडतात, ते तर सरळ बंद झाले पाहिजे. रानपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

शिक्षकांना उद्या वर्गात करता येईल अशी एक गोष्ट सांगतो. तिला बंदूक लागत नाही. दोन्ही हात समोर ताठ करून पंजे असे जुळवा की मध्ये लहानशी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचे झाड पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने झाड फटीतच दिसत राहील तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या काही मुलांचा मुख्य डोळा डावा निघतो, आणि मग "माझा नेमच लागत नाही" या तक्रारीचे कारण सापडते.

अशा साध्या सुरुवातीतून पुढे काय होते, त्याची दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रातली आहेत. मुंबईच्या अंजली भागवत, माहेरच्या वेदपाठक, छात्रसेनेतूनच या खेळाकडे आल्या. १९८८ साली त्यांनी मुंबईच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर रायफल धरली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुढे २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या.

दुसरे उदाहरण खेड्यातले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळे याचे वडील शिक्षक. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो मुलगा दाखल झाला आणि तिथे नेमबाजी शिकला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत, म्हणजे गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने, त्याने कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधे ७२ वर्षे गेली.

पण मंडळी, प्रत्येक मूल काही ऑलिंपिकला जाणार नाही. शंभरांतली नव्वद मुले त्या रविवारी पाच गोळ्या उडवतील आणि पुन्हा कधी बंदूक हातात धरणारही नाहीत. मग त्यांना काय मिळाले?

कोकणात आणि घाटावर कितीतरी घरांत पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असते. कुठे ठासणीची, कुठे काडतुसाची. रात्री रानात खसफस झाली, रानडुक्कर समजून बार काढला आणि आपलाच सोबती पडला, अशा बातम्या आपण वाचतो. मारणारा काही वाईट माणूस नसतो. पुष्कळदा तो जिवलग मित्र असतो. त्याचा नेमही चुकलेला नसतो, उलट अचूक लागलेला असतो! त्याला चौथा नियम मात्र कोणी शिकवलेला नसतो, की समोर काय आहे हे कळल्याखेरीज बोट चापाशी न्यायचे नाही. नाहीतर कोणी आढ्याला टांगलेली बंदूक पुसायला काढतो, "रिकामीच आहे" म्हणतो, आणि समोर मूल खेळत असते. तिथे पहिला नियम हवा होता.

चांदमारीवर जाऊन आलेली मुलगी सुट्टीत घरी येईल, तेव्हा ती आढ्याच्या बंदुकीकडे वेगळ्या नजरेने पाहील. काका बंदूक पुसत असले तर म्हणेल, "काका, आधी उघडून दाखवा, आणि नळी तिकडं भिंतीकडं करा." तिचे ऐका. लहान तोंडी मोठा घास म्हणून तिला गप्प करू नका. मैदानावर "थांबा" म्हणण्याचा जो हक्क तिला मिळाला होता, तोच घरातही द्या.

म्हणून संमतीचा कागद पुढे आला की आईवडिलांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. मैदान मान्यताप्राप्त आहे ना? उस्ताद कोण? कानांची सोय आहे ना? एका वेळी रेघेवर किती मुले? उत्तरे नीट मिळाली तर खुशाल सही करावी. आणि ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आज रात्रीच दोन गोष्टी कराव्यात. बंदूक उघडून स्वतः पाहावी, आणि काडतुसे वेगळ्या जागी कुलपात ठेवावीत.