दगडावरची अक्षरे

आपल्या कोकणात ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखली जाणारी एक मंडळी होती. तेलाचा घाणा चालवायची आणि शनिवारी तो बंद ठेवायची. हे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढे त्यांतली पुष्कळ कुटुंबे तिकडे राहावयास गेली. बायबलातली जी गावे त्यांनी नुसती ऐकली होती, ती डोळ्यांनी पाहिली. त्या भूमीतल्या एका शिलालेखाची आणि आपल्या अंबरनाथच्या एका शिलालेखाची हकीकत आज सांगावयाची आहे.

जेरुसलेम शहर डोंगरावर वसलेले, आणि पाण्याचा झरा कोटाबाहेर. शत्रूने वेढा घातला तर प्यायचे काय? ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस हिज्कीया राजाने डोंगर पोखरून ते पाणी आत आणले, असे मानतात. बोगदा सुमारे ५३३ मीटर लांब. पाथरवटांच्या दोन टोळ्या दोन टोकांनी खणत आल्या. मध्ये थोडासा दगड उरला तेव्हा पलीकडच्यांची हाक ऐकू आली, आणि मग टिकावाला टिकाव भिडला! हे सारे तिथल्या भिंतीवर कोरून ठेवले होते. गंमत अशी, की त्यात राजाचे नाव नाही. कौतुक आहे ते खणणाऱ्यांचे.

१८८० साली पाण्यात उतरलेल्या एका मुलाला ही अक्षरे दिसली. आणि मंडळी, पुढच्या दहाअकरा वर्षांतच चोरांनी तो दगड फोडून काढला. त्याचे तुकडे झाले. आज ते इस्तंबूलच्या संग्रहालयात आहेत. पंचवीसशे वर्षे जे टिकले, ते दहा वर्षांत फुटले.

आता आपल्या घराकडे वळू. अंबरनाथ स्टेशनावरून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर आहे. मंदिराचे तोंड पश्चिमेला. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे, आणि वर पाहावे तर उघडे आकाश! मंडपाच्या उत्तर दरवाजावर, आतल्या बाजूने, एक झिजलेला लेख आहे. शिलाहार राजे छित्तराज आणि मांबाणी यांची नावे त्यात येतात.

डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासून ९८२ ठरविला, म्हणजे इसवी सन १०६०. बघा, एका आकड्याचा फेर आणि इतिहास दोनशे वर्षे इकडचा तिकडे! पंडितजींना दुसऱ्यांदा पाहता आले, ते अक्षर जागेवर होते म्हणून. कोणी खिळ्याने आपले नाव तिथे कोरले असते, तर तो आकडा कायमचा गेला असता.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. बदलापूरची असोत की उल्हासनगरची, मुलांना एकदा तिथे न्या. उल्हासनगर १९४९ साली नाव मिळालेले गाव. सिंधमधून घरदार सोडून आलेल्यांनी ते वसविले. तिथल्या मुलांना, जुने हातचे गेले म्हणजे काय होते, हे आजीआजोबांकडून कळलेच असेल.

मुलांना लेखाला हात लावू देऊ नका. अक्षरांत खडू भरू नका, तेल-शेंदूर लावू नका. बाजूने तिरका उजेड पाडा, म्हणजे झिजलेले अक्षरही सावलीने उठून दिसते. दिसेल तेवढे वहीत उतरवून घ्या. एखादे लागले नाही तर जागा मोकळी ठेवा.

ती मोकळी जागा उद्या कोणी भरील. दगडावरचे अक्षर मात्र एकदा गेले, की कोणालाच भरता येत नाही.