'रुग्णाशी नाते : इतर'

(कोरेगाव येथे तरुणांसमोर केलेले भाषण)

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वकील नाही आणि मौलानाही नाही. हॉस्पिटलमध्ये पेशंट दाखल करतानाच्या फॉर्मवर एक रकाना असतो : 'रुग्णाशी नाते'. क्लिक केलं की यादी उघडते. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, भाऊ... आणि सगळ्यात खाली 'इतर'. ही यादी कुठल्या कायद्यातून उतरलेली नसते. माझ्यासारख्याच कुणीतरी ती टाइप केलेली असते. आज त्या 'इतर'बद्दल बोलायचं आहे.

समजा, साताऱ्याला जाताना आपल्यातल्या एकाची गाडी घसरली. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, तीन महिने पलंग. अम्मीचे गुडघे गेलेले, बहीण सासरी. पुण्यात त्याच्याबरोबर खोलीत राहणारा मित्र रजा टाकून येतो. बेडपॅन लावतो, अंग पुसतो, कूस बदलतो, रात्री उठून गोळ्या देतो. अख्खा मोहल्ला म्हणतो, "सगा भाईबी इतनी खिदमत नै करता."

मग कळतं की हे दोघं नुसते मित्र नाहीत, त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. त्याच दिवशी तोच हात नापाक ठरतो. पोराला सांगतात, बॅग भर. गोळ्यांच्या वेळा फक्त त्यालाच पाठ आहेत, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. काल आणि आज यात त्या हातात काय बदललं?

हे मी रचून सांगितलं. घडलेलं ऐका. अमेरिकेत मिनेसोटात शॅरन कोवाल्स्की आणि कॅरन थॉम्पसन एकत्र राहत होत्या. नोव्हेंबर 1983 मध्ये अपघातात शॅरनच्या मेंदूला जबर इजा झाली. कॅरन रोज तासन् तास तिच्याजवळ बसायची, तिला पुन्हा हालचाली शिकवायची. 1985 मध्ये वडील एकटेच पालक ठरले आणि त्यांनी कॅरनची भेट बंद केली, तीन वर्षांहून जास्त. शॅरनचं पालकत्व कॅरनला मिळालं ते डिसेंबर 1991 मध्ये, अपील कोर्टात. या दोघी बायका होत्या. दोन पुरुष असते तरी रकाना तोच.

आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 नंतर असं नातं गुन्हा नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. चांगलं झालं. पण पेशंट जिवंत असताना उशाशी कोण बसणार, हे अजून बरंचसं वॉर्डातल्या सिस्टर आणि घरच्यांच्या मर्जीवर आहे.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. समीरा कोहली खटल्यात, 2008 मध्ये, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान पेशंट स्वतः संमती देऊ शकत असेल आणि तातडी नसेल, तर आईची संमतीसुद्धा चालत नाही. पेशंट शुद्धीवर असेल तर सही त्याची. 'नातेवाईक आणा' हा बऱ्याचदा रिवाज असतो.

थोडं विषयांतर. गोष्टी-सिनेमांत जखमी माणूस आणि ब्युरोतून आलेला ब्रदर प्रेमात पडतात. ऐकायला गोड आहे, पण मला तिथं शंका येते. एक जण उठून जाऊ शकत नाही, दुसऱ्याचा पगार त्याच्या आजारावर चालतो. अशा वेळी हो म्हणणं किती मोकळं असतं? त्यांनी प्लॅस्टर निघेपर्यंत थांबावं, असं माझं मत. आधीपासून एकत्र असलेल्यांची गोष्ट वेगळी.

कुणी म्हणेल, हे मजहबात बसत नाही. तो वाद आज इथं मिटणार नाही. पण आजाऱ्याची अयादत आपल्याकडे त्याचा हक्क मानतात. भेटायला जाताना आपण त्याचे आमाल तपासून जात नाही. मग खिदमत करणाऱ्याला दारातून परत पाठवताना ते का तपासायचे?

आणि आपल्याच शरियतच्या कायद्यात जागा आहे, ती वापरत नाही आपण. जो वारस नाही त्याला एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, वारसांना न विचारता. जिवंतपणी हिबा करता येतो. द्यायचं जाहीर करायचं, समोरच्याने कबूल करायचं आणि ताबा द्यायचा. मरणाच्या पलंगावर केलात तर तिथंही एक तृतीयांशाची अट येते, म्हणून धडधाकट असताना करा. वसीयत तोंडीही चालते, पण कागदावर लिहिलेली आणि दोन साक्षीदारांच्या सहीची बरी. घरचे तोंडी ऐकत नाहीत.

ज्यांना लिहायची आहे त्यांनी नंतर मागे थांबा. कोणासाठी, ते मी विचारणार नाही.